नऊ नंबरचा दिवा

केणी सर रिकाम्या खोलीचं दार वाजवून आत जायचे.

आधी स्वतःच्या हाताने कुलूप काढायचे, ते खिशात टाकायचे आणि मग दारावर तीनदा टकटक करायचे. दाराला कान लावून विचारायचे, "कोन हाय?" त्यानंतर मनातल्या मनात दहापर्यंत आकडे म्हणायचे, ओठ हलताना दिसायचे. दहा झाले की दार ढकलून आत. हे रोज सकाळी सव्वासातला, आमच्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळेपुढे. रात्रभर बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत कोण असणार, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल. मलाही पडला आणि नवीन असल्यामुळे मी तो विचारलाही.

"सर, आत कोणी नसतं."

"बघितलंत?"

"कुलूप होतं ना."

"मग 'कोणी नाही' हे अनुमान झालं, मराठी. निरीक्षण कुठंय?"

मराठी म्हणजे मी. केणी सर कुणाला नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. गणित, भूगोल, पीटी. मुख्याध्यापिका पाटणकर बाई कुठलाच विषय शिकवत नसल्यामुळे त्यांना ते 'ऑफिस' म्हणत, आणि तेही तोंडावर. बाई कपाळाला आठ्या घालत, पण ओ देत.

आमची शाळा महापालिकेची, कोलशेतला खाडीच्या अंगाला. पुढच्या बाजूला तीस-तीस मजल्यांचे टॉवर आणि मागच्या बाजूला तिवरांचं रान. भरतीच्या वेळी पाणी पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत येतं आणि ओहोटी लागली की चिखलातून बुडबुडे फुटल्याचे आवाज येत राहतात. केणी सर त्याच गावातले, कोळीवाड्यातले. त्यांचे वाडवडील ज्या पाण्यात जाळी टाकत, त्या पाण्याच्या क्षारतेवर सर आठवीच्या मुलांकडून तक्ते करून घेत. मी वर्तकनगरहून स्कूटरवर येणारा. माझा वर्ग प्रयोगशाळेला लागून, मधे एक भिंत. बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा त्या भिंतीची मला कल्पना नव्हती.

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मला त्यांची भीती वाटते. बायको म्हणते हे दोन्ही एकत्र कसं. मी तिला सांगतो की ती दोन वेगवेगळी डिपार्टमेंटं आहेत आणि त्यांचा आपसात पत्रव्यवहार नाही.

अशा माणसाच्या शेजारी केणी सर असणं बरं नव्हे. एक तर त्यांच्या पायांत रबरी चपला, आणि त्याही इतक्या मऊ की माणूस मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागू नये. फळ्यावर लिहिता लिहिता मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवावा, दचकून वळावं, तर केणी सर. "खडू आहे का, मराठी?" माझ्या हातातला खडू तोवर खाली पडून त्याचे तीन तुकडे झालेले असत. त्यातला मोठा तुकडा उचलून ते जात.

दुसरं म्हणजे त्यांची बोली. वर्गात सर शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. 'घनता', 'उत्कलनबिंदू' असे शब्द त्यांच्या तोंडून ऐकत राहावेत. फक्त त्या रिकाम्या खोलीला ते घरच्या बोलीत विचारत. आणि संध्याकाळी निघताना, कुलूप लावण्याआधी, दाराच्या फटीतून हळूच म्हणत, "येतो गो." मी भाषेचा शिक्षक, 'गो' कुणाला म्हणतात ते मला कळतं. त्या खोलीत एक बाई किंवा मुलगी होती, आणि ती केणी सरांनाच ठाऊक होती. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी स्कूटरची किल्ली शाळेत विसरून वर्तकनगरला रिक्षाने गेलो.

त्या वर्षी महापालिकेने काही निवडक शाळांमध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकीचा उपक्रम सुरू केला आणि आमच्याकडे चार मोठे खोके आले. त्यांत वायरी, छोटे दिवे, स्विच, मोटारी आणि काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी एक गाडी होती. बाकीच्या शाळांनी ती गाडी जोडली, चालवली आणि फोटो पाठवले. आमच्या मुलांनीही गाडी बाहेर काढली. सरांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ही कुठं जाणार?"

"रेषेवरून, सर."

"आणि रेषा कुठं जाते?"

"गोल फिरून परत तिथंच."

"मग तिला बसू दे जरा."

गाडी खोक्यात गेली. सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं. 'बाहेरून कुलूप लावणाऱ्याला आत कोणी आहे हे कसं कळेल?' हा म्हणे पहिला प्रकल्प. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. माझ्या वर्गात तेव्हा समास चालले होते, पण माझंच लक्ष नव्हतं.

"कॅमेरा लावू, सर," एक जण म्हणाला.

"वीज गेली तर?"

"हाक मारायची ना, सर. कोणी असेल तर ओ देईल."

"ओ देणारा घाबरलेला असेल तर?"

पलीकडून वह्या उघडल्याचे आवाज आले. माझ्या वर्गातूनही.

मुलांनी जे केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. प्रयोगशाळेत चोवीस स्टुलं. प्रत्येक स्टुलाची फळी सुटी करून तिच्याखाली भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या बसवल्या. कोणी बसलं की स्पंज दबायचा, पट्टीला पट्टी टेकायची आणि दाराबाहेर वरच्या बाजूला लावलेल्या फळीवर त्या नंबरचा दिवा लागायचा. उठलं की विझायचा. वीज गेली तरी चालावं म्हणून खाली एक बॅटरी. चोवीसच्या चोवीस दिवे विझले, तरच कुलूप लावायचं. वॉचमनची, भाजीवाल्यांची, कोळीवाड्यातली ही मुलं. स्टुलं उलटी करून, जिभा बाहेर काढून, दोन महिने खपत होती.

एक दिवस सगळं जोडून झालं आणि पाचवीतली तृप्ती बसली तर दिवा लागेना. तृप्ती समोरच्या टॉवरच्या वॉचमनची मुलगी. शाळेतलं सगळ्यात हलकं माणूस. वाऱ्याच्या दिवशी तिला आम्ही गच्चीवर सोडत नाही.

"सर, तिला दप्तर घेऊन बसू दे," मुलं म्हणाली.

"का? ती हजर आहे ना? मग दिव्याने लागायचं. तिने वजन वाढवायचं नाही."

आणि सरांनी चोवीस स्टुलांचे स्पंज पुन्हा कापायला लावले. मुलं कुरकुरली. सर म्हणाले, सगळ्यात हलक्या माणसाला जे समजत नाही ते यंत्र नाही. तृप्तीला रोज चोवीस स्टुलांवर एकेकदा बसवण्यात आलं. शेवटी सगळीकडे दिवा लागला, तेव्हा ती पोर अशी ऐटीत उतरली की जणू वीज तिनेच शोधली.

आठ दिवस झाले आणि नऊ नंबरचा दिवा आपोआप लागायला लागला.

शाळा सुटलेली, मुलं गेलेली, प्रयोगशाळेला कुलूप, आणि बाहेरच्या फळीवर तेवीस दिवे बंद. नऊ चालू. लाल, छोटा, स्थिर. मधेच एखादी लुकलुक, कुणी बसल्या बसल्या मांडी बदलावी तशी, आणि पुन्हा स्थिर. सुरेखा मावशी, आमच्या शिपाईण, त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळा झाडणं सोडलं नाही, पण नऊ नंबरच्या भोवती दोन हात जागा सोडून झाडायला लागल्या. तिथे धुळीचं एक रेखीव वर्तुळ तयार झालं.

"ती बसलेली असती सर तिथं," मावशी मला म्हणाल्या. "आपण कशाला उगाच पायाला झाडू लावायचा?"

"ती म्हणजे कोण?"

"ते केणी सरांना विचारा. ते बोलतात तिच्याशी."

मुलांनी तिला नावही देऊन टाकलं. नऊ नंबरची. कोणी म्हणालं ती तिवरांतून येते, कोणी म्हणालं भरतीच्या पाण्याबरोबर. कोळीवाड्यातल्या एका मुलाने सांगितलं की पाण्यातलं भूत असतं त्याला गिऱ्हा म्हणतात, तो माणसाच्या ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की घेऊन जातो. मी त्याला निबंधाचा विषय बदलायला सांगितला.

तरी मीही भिंतीला कान लावायला लागलो. दुपारी माझा एक तास मोकळा असे. वर्ग खेळायला गेलेला, बाहेर ऊन, मागे चिखलात बुडबुडे फुटतायत, आणि शेजारच्या बंद खोलीतून लाकूड करकरल्याचा आवाज. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मी बाहेर येऊन बघे तर दारावरचा नऊ नंबर माझ्याकडे बघत असे. मी त्याच्याकडे पाठ न करता जिन्यापर्यंत उलटं चालत जाई. पन्नाशी उलटलेल्या, तीन पुस्तकांच्या परीक्षण समितीवर काम केलेल्या माणसाची ही अवस्था.

"सर, नऊचं काहीतरी बिघडलंय," मी केणी सरांना म्हणालो.

"काही बिघडलेलं नाही."

"मग आत कोण आहे?"

"जाऊन बघा की. त्यासाठीच तर दिवा आहे."

बघायला कोण जातं? सुरेखा मावशींनी स्वतःपुरता नियम करून टाकला. सरांनी किल्ली दिली की कुलूप लावताना त्या फळीकडे बघून मोठ्याने म्हणत, "सगले बंद, नऊ सोडून," आणि किल्ली फिरवत. हळूहळू आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

फेब्रुवारीत पाटणकर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. उपक्रमाची पाहणी करायला मुख्यालयातून एक मॅडम येणार होत्या. केणी सर मे महिन्यात निवृत्त. त्यांच्यामागे प्रयोगशाळा आणि ती दिव्यांची फळी तशीच ठेवायची, की सगळं उतरवून तिथे मोठा पडदा लावलेला वर्ग करायचा, हे त्या पाहणीवर ठरणार होतं.

"मला ती फळी राहायला हवी आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला नवल वाटलं. "मुलांनी हाताने केलंय. पण मॅडमसमोर तो नववा दिवा भुतासारखा लागला, तर त्या म्हणतील की साधी वायर नीट करता येत नाही. केणींना सांगितलं, तर ते म्हणतात नऊला हात लावायचा नाही. तुम्ही शेजारी आहात. त्या स्टुलाची वायर तेवढी काढून टाका."

"मी? बाई, मी मराठी—"

"वायर काढायला भाषा लागत नाही."

शनिवारी सकाळची शाळा सुटली. केणी सर प्रशिक्षणाला गेलेले. मी पक्कड घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. सुरेखा मावशी दहा पावलं मागे, हातात झाडू. "तुमी जावा सर आत, मी इथनं लक्ष ठेवते," म्हणाल्या. नऊ चालू होता. मी कुलूप काढलं. टकटक करावी की नाही असा एक क्षण विचार आला, पण मावशींसमोर लाज वाटली. दार ढकललं.

प्रकाशाच्या प्रयोगासाठी खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता. आत अंधुक, रॉकेलचा आणि कसलासा आंबूस वास. हळूहळू टेबलं दिसली, मग स्टुलांच्या ओळी. आणि तिसऱ्या ओळीत, भिंतीकडच्या स्टुलावर, पाठमोरं कोणीतरी बसलेलं होतं. लहान. निळ्या कपड्यातलं. वाकून बसलेलं, मान नसलेलं. मी दारात उभा आणि वाऱ्याची झुळूक आत गेली, तेव्हा ते किंचित हललं.

मी दार कधी ओढलं, कुलूप कधी लावलं, पक्कड कुठे पडली, मला काही आठवत नाही. खालच्या मजल्यावर आल्यावर दिसलं की सुरेखा मावशी माझ्याही आधी पोचल्या आहेत. सोमवारी बाईंना मी सांगितलं की वायर सापडली नाही.

पाहणीचा दिवस उजाडला. मॅडम वयाने लहान, मोजकं बोलणाऱ्या. केणी सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी धास्तावून फळीकडे पाहिलं, तर नऊ बंद. चोवीसच्या चोवीस बंद. पाटणकर बाईंनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि मी ती कृतज्ञता निमूट स्वीकारली. मुलं एकेक करून बसली, बाहेर एकेक दिवा लागला, उठली, विझला. शेवटी तृप्ती चोवीस स्टुलांवरून उड्या मारत गेली आणि बाहेर दिव्यांची ओळ धावली. मॅडम हसल्या. सगळे खाली हॉलमध्ये कार्यक्रमाला निघाले. सरांना मॅडमबरोबर जावं लागलं, म्हणून जाता जाता त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "दिवे बघून लावा, मराठी."

मी दाराबाहेर उभा राहून दिवे बघितले. तेवीस बंद. नऊ चालू.

सकाळपासून गप्प होती आणि मी एकटा असताना बरोबर आली. मी तोंडाने "सगळे बंद, नऊ सोडून" असं म्हणालो, दार ओढलं आणि किल्ली फिरवली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो असेन. मागून आवाज आला.

टक. टक टक.

आतून. दाराच्या आतून. मी देवाचं नाव घेत उरलेला जिना उतरलो आणि हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, दोन जाड माणसांच्या मधे जाऊन बसलो. बाईंचं भाषण चाललं होतं. अर्धा तास तरी गेला असेल. मग मानेवर श्वास जाणवला.

"किल्ली?" केणी सर माझ्या मागे वाकून उभे होते. मी दिली. "दिवे बघितलेत?"

"बघितले. सगळे बंद. नऊ सोडून."

सरांनी माझा खांदा धरला.

"नऊवर आज मी काही ठेवलेलं नाही," ते म्हणाले. मला त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. "आवाज आला? दारावर?"

खोटं बोलता आलं असतं. "आला," मी म्हणालो.

अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस हॉलमधून पळत सुटला. खुर्च्या सरकल्या, भाषण थांबलं. मी त्यांच्यामागे. वरती नऊ अजून चालू होता, जराही लुकलुक नाही. सरांनी दार वाजवलं. "कोन हाय? कोन हाय गो आतमदी?" त्या दिवशी त्यांनी दहा आकडे म्हटले नाहीत. त्यांनी किल्ली माझ्या हातात कोंबली, कुलूप मीच काढलं.

नऊ नंबरच्या स्टुलावर तृप्ती बसली होती. पाय वर घेऊन, गुडघ्यांना मिठी मारून, एकदम ताठ. गालांवर सुकलेल्या पाण्याचे ओघळ.

"सँडलचा पट्टा लावत होते, सर," ती म्हणाली. "कुलूप लागलं. मी दार वाजवलं. कोणी आलं नाही. मग येऊन परत बसले. उठले असते तर दिवा विझला असता ना."

सर तिच्यापुढे खाली बसले आणि तिच्या सँडलचा पट्टा लावायला लागले. तो काही केल्या त्यांना लागेना. मागे पाटणकर बाई आणि मॅडम येऊन उभ्या होत्या. मॅडमनी सगळं ऐकलं, वळून फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुलूप मी लावलं," मी म्हणालो. "दिवा दिसत होता. आवाजही ऐकला होता. मी घाबरलो." आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मॅडम बाईंना म्हणाल्या, "फळी राहू द्या. दिवे उत्तम आहेत. माणसं तपासून घ्या."

शाळा सुटल्यावर केणी सर प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले होते. मागे पाणी चढत होतं. मी जवळ गेलो, म्हटलं शिव्या घातल्या तर खाव्यात. त्यांनी बसायला जागा केली.

"तुम्ही काही वेगळं केलं नाहीत," ते म्हणाले. "मीही तेच केलं होतं."

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सर तेव्हा नवीन. सहावीत जाई नावाची मुलगी होती, कोळीवाड्यातलीच, सरांच्या घरापासून चार घरं पलीकडे. थंडीचे दिवस, लवकर अंधारायचं. सरांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि जिना उतरायला लागले. मागून दार वाजलं.

"मी विज्ञान शिकवत होतो, मराठी. त्याच दिवशी वर्गात सांगितलं होतं की भूत नसतं. आणि आवाज ऐकून मला आजीचा गिऱ्हा आठवला. ओळखीच्या आवाजात हाक मारतो, ओ द्यायची नाही. ती आतून 'सर' म्हणाली होती. मी ओ दिली नाही. घरी गेलो."

जाई घरी आली नाही म्हणून रात्री सगळं गाव तिवरांत बॅटऱ्या घेऊन शोधत फिरलं. केणी सरही फिरले. कंबरभर चिखलात. पहाटे त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते किल्ली घेऊन धावले. पोरगी नऊ नंबरच्या स्टुलावर बसली होती, तिच्या रोजच्या जागेवर. दार उघडल्यावर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, तुमीच होता ना? चपला आयकल्या मी."

तेव्हा सरांच्या पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला असायच्या. त्या दिवसापासून रबरी.

जाई पुन्हा शाळेत आली नाही. वर्षभरात बापाने बिऱ्हाड ठाकुर्लीला हलवलं. तिचं निळं दप्तर मात्र प्रयोगशाळेतच राहिलं. सर रोज खोली बंद होण्याआधी त्याच दप्तरात विटा भरून ते नऊ नंबरवर ठेवत आणि उघडल्यावर उचलून घेत.

"मला वाटलं, रोज एक दिवा लागलेला दिसला, की कुलूप लावणारा आत जाऊन बघेल. रोज बघायची सवय लागेल. मुद्दाम लावत होतो मी तो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणूस आत जाऊन बघत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तो घाबरतो आणि कुलूप लावतो. आज माझ्यामुळे ती पोर तिथं बसून राहिली. तुमच्यामुळे नाही."

त्या भल्या माणसाला मी वर्षभर चेटक्या समजत होतो, घरी जेवताना त्याच्या नकला करून दाखवत होतो. मी विचारलं, "जाईला भेटलात कधी?"

"ठाकुर्लीला गेलेलो तीनदा. घर माहीत आहे. स्टेशनच्या पुलावरून परत फिरलो. ती तोंड बघणार नाही माझं."

"हे अनुमान झालं, सर," मी म्हणालो. "निरीक्षण कुठंय?"

केणी सरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. विद्यार्थ्याने अचानक बरोबर उत्तर दिलं की ते असे बघत.

मेमध्ये सर निवृत्त झाले. पाटणकर बाईंनी प्रयोगशाळेच्या कुलपाची जबाबदारी सगळ्यांसमक्ष माझ्यावर टाकली आणि सुरेखा मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. नऊ आता बंद असतो. मी दार वाजवतो, विचारतो, दहा आकडे म्हणतो आणि आत जाऊन चोवीस स्टुलं बघून येतो. भीती वाटते, पण बघून येतो.

जूनच्या पहिल्या रविवारी सर माझ्याकडे आले. हातात ते निळं दप्तर, धुऊन इस्त्री केलेलं, आता हलकं. आणि पायांत कोल्हापुरी चपला. त्यांच्या येण्याचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. "चला, मराठी. एकट्याने होत नाही," म्हणाले.

ठाकुर्लीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर जुनी चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यापर्यंत सरांच्या चपला करकर करकर वाजत होत्या आणि प्रत्येक मजल्यावर ते थांबून दम खात होते. दम लागला नव्हता तरीही. दारावर पाटी, खाली चार बोटांची रांगोळी. आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज. सर दारापुढे उभे राहिले. त्यांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला. रिकाम्या खोलीचं दार रोज वाजवणाऱ्या त्या माणसाला ते दार काही वाजवता येईना.

मी हात पुढे करून तीनदा टकटक केली.

आतले आवाज थांबले. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मग बाईमाणसाचा आवाज, "कोन हाय?"

सरांनी दप्तर छातीशी धरलं. "मी हाय गो," ते म्हणाले. "यायला उशीर झाला."

पलीकडे काहीच नाही. सरांचे ओठ हलायला लागले. मीही मनात आकडे म्हणायला लागलो. पाच झाले. सहा झाले. सात.

"चपला वलखल्या मी, सर," आतून आवाज आला, आणि कडी निघाली.